रजेच्या दिवशीची गोळी

सुरतेतल्या भेस्तानच्या गल्ल्यांत दगाचं नाव निघालं की लोक एकच गोष्ट सांगत: हा माणूस रजा घेत नाही. त्याचा शेठ हे अभिमानानं सांगे, त्याच्याबरोबरचे कारागीर जरा तिरकसपणे सांगत, आणि त्याची बायको उषाबाई हे ऐकलं की विषय बदलून टाकी.

सुरतेत ज्याला 'खातं' म्हणतात ते हिशेबाचं खातं नव्हे. एका पत्र्याखाली शे-सव्वाशे यंत्रमाग मांडलेले, शेजाऱ्याशी बोलायचं तर त्याच्या कानात ओरडावं लागेल असा खडखडाट, आणि तेलानं काळी झालेली फरशी, हे सगळं मिळून खातं. दगा अशाच एका खात्यात आठ माग सांभाळी. पंधरा दिवस दिवसपाळी, पंधरा दिवस रातपाळी. सातला आत जायचं, सातला बाहेर पडायचं. रविवारी खातं बंद असे. मग दगा दोन गल्ल्या ओलांडून रविवारी चालणाऱ्या दुसऱ्या खात्यात बदली म्हणून उभा राही. दिवाळीला सगळी सुरत रिकामी होई, उधना स्टेशनावर नंदुरबार-भुसावळकडे जाणाऱ्या गाड्यांना माणसं लोंबकळत, तेव्हा दगा शेठकडे जाऊन बंद खात्याची राखण मागून घेई. होळीलाही तेच. सुकदेव म्हणून त्याचा एक जोडीदार होता, शेजारच्या आठ मागांवरचा. तो आपल्या खानदेशी बोलीत म्हणे, "हाऊ मरी ना, तव्हय यमले बी सांगी, थांब, पाळी भरीसन येसू." सगळे हसत. दगाही हसे. पैशाची हाव म्हणून लोक बोलतात हे त्याला ठाऊक होतं, आणि बोलतात ते बरंच आहे असं त्याला वाटे. खरं कारण कळण्यापेक्षा हावरा म्हटलेलं परवडलं.

खरं कारण असं की दगाला फिट येत.

पहिली फिट आली त्याला बारा वर्षं झाली. भाजी घेऊन घरी येताना रस्त्यात पडला. शुद्धीवर आला तेव्हा कोणीतरी नाकाशी चप्पल धरलेली होती आणि टमाटे गटाराकडे घरंगळत गेले होते. वस्तीतल्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तपासलं, मोठ्या दवाखान्यात पाठवून डोक्याचा फोटो काढवला, आणि गोळी लिहून दिली. दिवसातून दोन वेळा, सकाळ-संध्याकाळ.

आता महिन्यातले पंधरा दिवस ज्याची सकाळ झोपेत जाते आणि संध्याकाळी ज्याचा दिवस उजाडतो, त्याला 'सकाळ-संध्याकाळ' म्हणजे काय समजावणार? तिथल्या कंपाउंडरनं डोकं चालवलं. तो स्वतः वस्तीतलाच, कारागिरांची नस ओळखून असलेला. म्हणाला, "दगाभाऊ, सकाळ-संध्याकाळच्या भानगडीत पडू नका. एक कामावर जाताना घ्यायची, एक कामावरून आल्यावर. दिवसपाळी असो की रातपाळी. लक्षात राहील?"

लक्षात तर असं राहिलं की विचारू नका. दगानं गोळ्यांची पट्टी कामाच्या शर्टाच्या खिशात ठेवली. घरातून निघताना शर्ट अंगात चढवला की एक गोळी, परत येऊन शर्ट खिळ्याला अडकवला की दुसरी. कधी चुकला नाही. इतका नेमानं औषध घेणारा रोगी त्या दवाखान्याला दुसरा मिळाला नसेल. फक्त एक गोष्ट कंपाउंडरनं सांगितली नाही आणि दगानं विचारली नाही. कामावर जायचंच नसेल त्या दिवशी काय?

दगाच्या हिशोबी प्रश्नच नव्हता. काम नाही, तर शर्ट नाही, तर गोळी नाही. रजा म्हणजे सगळ्याचीच रजा.

आणि फिट यायची ती नेमकी रजेला. रविवारी दुपारी जेवून आडवा झाल्यावर, नाहीतर सोमवारी पहाटे. पाळी बदलायच्या सोमवारी तर हमखास, कारण दिवसपाळीवरून रातपाळीवर जाताना मध्ये दोन दिवस जात. सुरुवातीला उषाबाईनं अमावस्या-पौर्णिमा पाहिली. जमलं नाही. मग रविवारी खाल्लेलं मटण बंद केलं. तरी जमलं नाही. शेवटी दगानंच छडा लावला. त्याचं म्हणणं असं पडलं की आपल्याला कामाची इतकी सवय झाली आहे, की अंग रिकामं राहिलं की रक्त डोक्यात चढतं. काम हेच आपलं औषध. गोळी आपली जोडीला.

यात हसण्यासारखं काही नाही. डोळ्यांसमोर जे दिसतं त्यावरूनच माणूस ठरवणार, आणि दगाला दिसत होतं ते असं: मागांसमोर उभा असताना एकदाही फिट आली नाही, घरी बसलं की येते. पुढे वडील वारले तेव्हा तर खात्रीच पटली. शिंदखेड्याकडच्या गावी तो बारा दिवस राहायला गेला आणि दहाव्याला नदीकाठी, सगळ्या भाऊबंदांसमोर, पिंडाजवळच पडला. गावानं म्हाताऱ्याचा जीव पोरात अडकला असं ठरवलं. कामाचा शर्ट सुरतेला खिळ्यावर लटकत होता आणि गोळ्या शर्टाच्या खिशात होत्या.

त्यानंतर दगानं रजा हा प्रकारच आयुष्यातून काढून टाकला. रविवारची बदली धरली, दिवाळीची राखण धरली. फिट थांबली. बंद खात्यात खुर्चीवर बसून नुसती राखण केली तरी फिट येत नाही, हे पाहून तरी त्याला शंका यायला हवी होती. पण त्यानं उलटाच अर्थ काढला, की मेहनतीचं काही नाही, ड्यूटीवर असणं महत्त्वाचं. एकदा माणसाला आपलं म्हणणं पटलं की पुढचं सगळं त्यालाच येऊन मिळतं. मग लॉकडाऊन आलं. दोन महिने खाती बंद, शर्ट खिळ्याला, आणि भेस्तानच्या त्या एका खोलीत दगा चार वेळा पडला. त्यातली एक फिट त्याच्या मुलीनं, धनश्रीनं पाहिली. ती तेव्हा सोळा वर्षांची. तिला सांगितलं की उपाशी पोटी घेरी आली. पण तिनं पाहिलं होतं ते पाहिलंच होतं. आधी बापाचे हात थरथरायला लागले, हातातलं पाणी सांडलं, आणि मग तो कलला. पुढे कितीतरी दिवस ती त्याच्या हातांकडे बघत राही.

खाती उघडली, दगा पुन्हा सातला आत आणि सातला बाहेर व्हायला लागला, आणि घेरी गेली ती गेली. म्हातारे डॉक्टर मधल्या काळात वारले. जुन्या चिठ्ठीवर औषधवाला तीच गोळी देत राहिला. कोणाला काही विचारायची गरजच पडली नाही.

या सगळ्यात काय काय हातचं गेलं, ते दगा मोजत बसला नव्हता. धाकटा भाऊ शालिग्राम, त्याच्या लग्नाला तो सकाळच्या गाडीनं गेला आणि रात्रीच्या गाडीनं परतला. आई गेली तेव्हा अग्नी देऊन त्याच दिवशी निघाला; दहावं-बारावं शालिग्रामनंच केलं. शालिग्राम त्यानंतर दोन वर्षं त्याच्याशी बोलला नाही. मोठी बहीण प्रमिलाबाई बोलली, पण ती जे बोलली ते न बोलती तर बरं होतं.

असा हा माणूस, आणि त्याच्या मुलीचं लग्न ठरलं.

धनश्री बी.कॉम. होऊन पर्वत पाटियाला एका साड्यांच्या दुकानात कॉम्प्युटरवर बिलं करायची. मुलगा गजेंद्र, हजीऱ्याच्या एका कारखान्यात फिटर. दोघं सुरतेतच राहणारी, पण मुलाचे वडील हेमराज यांचं म्हणणं पडलं की लग्न गावाकडे, मुलीच्या गावी, सगळ्या भाऊबंदांत. मांडव, हळद, लग्न, मागची आवराआवर, म्हणजे पाच दिवस तरी हवेत. उषाबाईनं हो म्हटलं. शालिग्राममध्येही आता कुठे ओल आली होती, तो म्हणाला अंगण माझं, मांडव मी घालतो.

दगा सगळं ऐकून म्हणाला, "लगीनना दिन सकायले येसू. संध्याकायले निंघी जासू."

मग धनश्री म्हणाली, "पप्पा, मी काय रविवारची बदली आहे का? एक दिवस उभं राहायचं आणि निघायचं?"

दगा उठून बाहेर गेला. त्याला काय वाटत होतं ते तो सांगू शकला असता तर इतकंच सांगितलं असतं: पाच दिवस काम नाही म्हणजे मी पडणार. आणि पडणार ते मांडवात, व्याह्यांसमोर, तुझा हात त्यांच्या हातात देताना. पुढे आयुष्यभर तुला सासरी 'फिटवाल्याची पोर' म्हणतील. त्यापेक्षा बाप पैशाला हपापलेला आहे, असं म्हणोत. मुलीच्या लग्नात पाहुण्यासारखं येऊन जाणं त्याला कबूल होतं. आपण असून लग्न मोडणं कबूल नव्हतं.

त्या संध्याकाळी उषाबाईनं बारा वर्षांचं मौन सोडलं. दगा रातपाळीला गेला, त्याच्या पाठीमागे तिनं धनश्रीला समोर बसवलं आणि सांगितलं, "ती घेरी नव्हती व माय. तुना बापले फिट येस. आन् काम सोडं का येस, म्हनीसन तो काम सोडत नई."

धनश्री हिशोबातली मुलगी. रडायचं ते थोडंसं रडून घेतलं, आणि पुढच्या गुरुवारी रातपाळीवरून आलेल्या बापाला झोपू न देता तिनं थेट सरकारी दवाखान्यात नेलं. दगा वाटेत तीनदा म्हणाला की आपल्याला आता काही होत नाही, उगाच खपली काढू नको. तिनं ऐकलं नाही.

डॉक्टर बाई पस्तिशीच्या, दमलेल्या, समोर मोठी रांग असलेल्या. त्यांनी जुनी चिठ्ठी आणि डोक्याचा फोटो पाहिला.

"लास्ट दौरा कब आया था?"

"लॉकडाऊन में, मॅडम."

"उसके बाद एक भी नहीं?"

"काम पे रहता हूँ ना. काम पे नहीं आता."

बाईंनी चिठ्ठीवरची नजर वर केली. "मतलब?"

दगानं सांगितलं. काम सोडलं की येते, काम धरलं की जाते. बारा वर्षांचा अनुभव आहे. बाईंनी मध्ये तोडलं नाही. मग विचारलं, "गोली कैसे लेते हो?"

"एक काम पे जाते टाइम. एक काम से आने के बाद."

"और छुट्टी के दिन?"

दगाला प्रश्नच कळला नाही. तो धनश्रीकडे बघून थोडा हसला, शिकलेल्या माणसांना कधी कधी साधं समजत नाही, असं म्हणावं तसा. "छुट्टी के दिन काहे की गोली, मॅडम? छुट्टी रहती है ना."

धनश्रीनं तोंडावर हात ठेवला. बारा वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला असता तर दगानं हेच उत्तर तितक्याच मोकळेपणानं दिलं असतं. त्यानं काही लपवलं नव्हतं. विचारलंच नव्हतं कोणी.

बाईंनी मग कागद घेतला, त्यावर रेघा मारून दाखवलं. गोळी पोटात गेली की तिचा जोर एवढा वेळ टिकतो. बारा तासांनी दुसरी पडायला हवी. ती पडली नाही की जोर उतरतो, आणि दिवस-दोन दिवसांत फिट येते. तुम्ही कामावर नसल्यानं पडत नाही, गोळी घेतली नाही म्हणून पडता. दगानं रेघांवर बोट ठेवलं. त्यानं विचारलं, "तो गाँव में भी…?"

"गाँव में भी. चाँद पे भी."

त्यांनी गोळी बदलली. तेच औषध, पण हळूहळू विरघळणारं, दिवसातून एकदाच. जुन्या गोळीपेक्षा थोडी महाग पडेल, म्हणाल्या, पण जी पोटात जाते ती गोळी स्वस्त आणि जी खिशात राहते ती महाग. दिवसातून जितक्या वेळा घ्यायची, तितक्या वेळा चुकायची. शिवाय ती कामाला बांधायची नाही. "छुट्टी के दिन खाना खाते हो?"

"खाता हूँ."

"तो शाम के खाने के साथ. घंटा-दो घंटा इधर-उधर चलेगा." रातपाळीचं जागरणही या आजाराला वाईट, असं त्या पुढे म्हणाल्या, पण त्यावर सुरतेत कोणाकडेच औषध नसल्यानं तो विषय तिथेच राहिला. उठताना धनश्रीनं विचारलं, हे रक्तातून पुढे येतं का? बाईंनी डोक्याचा जुना फोटो पुन्हा पाहिला, दगाला लहानपणी डोक्याला मार लागला होता का विचारलं. लागला होता, बैलगाडीवरून पडून. मग मुलीला काळजीचं कारण नाही, म्हणाल्या.

दगाला आनंद झाला असेल असं वाटेल. झाला नाही. परतीच्या रिक्षात भेस्तानचा पूल ओलांडताना त्याच्या मनात आईचं दहावं आलं. एक पट्टी बरोबर नेली असती, रोज दोन गोळ्या घेतल्या असत्या, तर तो बारा दिवस आईसाठी गावात राहू शकला असता. इतकंच करायचं होतं. त्याला फार वाईट वाटलं, आणि राग कोणावर काढावा हे कळेना. कंपाउंडर तर भला माणूस होता.

आणि मुख्य म्हणजे त्याला पटलंही नव्हतं. बारा वर्षांचं म्हणणं एका कागदावरच्या रेघांनी पुसलं जात नाही. नवी गोळी सुरू झाली, उषाबाई संध्याकाळच्या भाकरीबरोबर ती ताटात ठेवू लागली. रातपाळी असली तर सहाला, दिवसपाळी असली तर आठला. पण रविवारची बदली दगा सोडेना. शेवटी लग्नाला महिना राहिला तेव्हा धनश्रीनं त्याचा कामाचा शर्टच धुऊन टाकला. "आज रजा. होऊ दे काय व्हायचं ते. इथंच होऊ दे."

तो रविवार त्या घरानं कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. उषाबाईनं खोलीतलं स्टूल बाहेर काढलं, चूल-सिलेंडरच्या बाजूला त्याला फिरकू दिलं नाही, आणि फिट आली तर हुंगवायला गुपचूप एक कांदा फोडून पदराआड ठेवला. धनश्रीनं तो ओळखून भाजीत घातला. दगा गादीच्या मधोमध बसला होता, दोन्ही हातांनी गादी धरून. दुपार झाली. तीन वाजले, चार वाजले. काय करायचं असतं रजेला, हे तो विसरला होता. शेवटी सुकदेव आला, त्याला घरी पाहून घाबरला आणि म्हणाला, "काय रे, कोन मरनं?" संध्याकाळी ताटात गोळी आली. त्यानं घेतली. सोमवारी सातला तो उभ्या पायांनी खात्यात शिरला. पुढचे तीन रविवारही असेच गेले, प्रत्येक वेळी गादीवरची पकड थोडी सैल होत.

पाच दिवसांची रजा मागितली तेव्हा शेठनं दोनदा विचारलं, की पाच म्हणजे पाच?

गावात मांडव पडला. हळद झाली. दगा सगळीकडे होता. आचाऱ्याला लाकडं देत होता, सतरंज्या झटकत होता. शालिग्राम त्याच्याशी जपून बोले, पण बोले. रोज संध्याकाळी उषाबाई त्याला ओट्यावर बोलावून भाकरी वाढी आणि कोणाला दिसणार नाही अशी गोळी हातात देई. तीन दिवस गेले. गावात कोणाला काही कळलं नाही.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. म्हणजे दिवस मावळताना. पण मुहूर्त ब्राह्मणाचा आणि वेळ डीजेवाल्याची. वरात पारापाशी आली तिथंच नाचत बसली. सात वाजले, साडेसात झाले. दगानं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मुलीच्या आई-बापानं कन्यादान होईपर्यंत उपास धरायचा हा रिवाज. आणि कन्यादानानंतर पाहुण्यांच्या पंगती उठल्यावरच घरच्यांनी बसायचं. भाकरीचं ताट समोर येईपर्यंत मध्यरात्र होणार हे उघड होतं.

दगा मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. त्याच्या मनात अगदी सहज, काहीही भीती न वाटता आलं: आज उपास, आज भाकरी नाही, म्हणजे आज गोळी नाही.

आणि मग तो खांब सोडून ताठ उभा राहिला. काम नाही तर गोळी नाही, असं म्हणत तर बारा वर्षं घालवली. शर्टाच्या जागी भाकरी आली, एवढाच काय तो फरक. त्यानं हिशोब केला. कालची गोळी साडेसहाला. तीन दिवसांचं जागरण. सकाळपासून पोटात काही नाही. आणि अजून उभं राहायचं आहे कुठपर्यंत ते देवालाच माहीत.

गोळी उषाबाईच्या पदराच्या गाठीत होती, आणि उषाबाई आतल्या खोलीत नवरीजवळ, बायकांच्या गराड्यात. दगा दारात जाऊन उभा राहिला. "गोयी दे," तो म्हणाला.

प्रमिलाबाई नवरीच्या शेजारीच बसली होती. ती भावाला ओळखून होती. "कसानी गोयी? कन्यादान व्हयेल नई आन् तोंडमा घालशी? उपास मोडशी का रे? एक दिन तरी धीर धर. मायना दहावाले बी तुले धीर नव्हता."

उषाबाईनं पदराची गाठ सोडली होती, पण हात तिथंच थांबला. त्याच वेळी नवरीला बाहेर काढा म्हणून सांगायला व्याही, हेमराज, दगाच्या मागे येऊन उभे राहिले होते. निवृत्त एसटी ड्रायव्हर, उंच, मोठ्या आवाजाचे. दगानं मागे वळून पाहिलं. पोट दुखतं म्हणून सांगता आलं असतं. डोकं दुखतं म्हणूनही चाललं असतं.

"माले फिट येवाना रोग शे," दगा म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. "बारा वरीस व्हयनात. गोयी लिधी का येत नई. नई लिधी का पडस. मायना दहावाले म्हनीसन थांबनू नई. आज माले पडनं नई शे."

धनश्रीनं मान वर केली. सगळ्या बायका आता हेमराजांकडे बघत होत्या, कारण आता जे काही व्हायचं ते त्यांच्या तोंडून होणार होतं.

हेमराजांनी विचारलं, "पोरले?"

"पोरले नई. डॉक्टरले इचारेल शे. माले डोकाना मार लागेल व्हता."

हेमराज उंबरा ओलांडून आत आले. मग म्हणाले, "माले बी शुगर शे. डिपोमा रिटायर व्हई तवलोंग कोनले कळू दिधं नई. गाडी काढी लेतीन, या भ्यानं." त्यांनी कोपऱ्यातल्या माठातून तांब्या भरला आणि दगासमोर धरला. "ले. आन् लवकर चाल, लगीनना टाईम कव्हयनाच टळी गया."

दगानं सगळ्यांसमोर गोळी घेतली.

लग्न लागलं. अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या, आणि कन्यादानाला दगा आणि उषाबाई पाटावर बसले. धनश्रीचा हात गजेंद्रच्या हातात, त्यावर दगाची ओंजळ, उषाबाई तांब्यातून पाण्याची धार धरत होती. ब्राह्मण काही म्हणत होता. आणि दगाचे हात थरथरायला लागले.

पाणी ओंजळीतून सांडलं, पाटावर पसरलं. ज्यांनी मघाशी ऐकलं होतं ती माणसं उठून उभी राहिली. शालिग्राम कुठूनसा पुढे आला आणि त्यानं मागून भावाच्या दोन्ही काखांत हात घातले. उषाबाईची धार तुटली. धनश्रीनं मुंडावळ्या बाजूला करून बापाच्या हातांकडे पाहिलं. ते हात तिला ओळखीचे होते.

"पप्पा," ती म्हणाली, "पप्पा, येतेय का?"

दगानं मान हलवली.

"नई व माय," तो म्हणाला. "रडू ई राह्यनं."

शालिग्रामनं हात काढून घेतले, आणि त्याला रडू दिलं.